चालून दाखव

"जरा चालून दाखव बाळ," पिसाळकाकू म्हणाल्या. "त्या दारापासून या खिडकीपर्यंत. सावकाश चाल, घाई नाही."

मी पोह्यांच्या बशा सतरंजीवर ठेवून नुकतीच टेकले होते. खरं सांगायचं तर काकूंच्या आवाजात खोट काही नव्हती. मुलगी बघायला गेलं की तिला चालवून बघायचं, पायात काही दोष नाही ना याची खात्री करून घ्यायची, ही त्यांच्या वयाच्या बायकांची रीतच होती. पुतण्यासाठी आजवर पाहिलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी हे सांगितलं असणार. तसंच त्या दिवशी मलाही सांगितलं. फरक इतकाच होता की माझा पाय मोडलेला होता, आणि ज्यानं तो मोडला तो नवरामुलगा म्हणून समोर बसून पोहे खात होता.

या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली. तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

मी खो-खो खेळायचे. फलटणमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पोरी चालायला लागल्या की खांबाभोवती पळायला लागतात. जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळले होते, बीपीएड झालं होतं, आणि एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून जूनपासून रुजू व्हायचं जवळजवळ ठरलं होतं. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायला जायचे. त्या हिवाळ्यात एका पहाटे मागून मोटरसायकल आली. तिच्यावर तिघं होते, कुणाच्या तरी हळदीहून परतणारे. रस्ता सरळ होता, समोरचं दिसण्याइतकं उजाडलेलं होतं, आणि मी अगदी कडेनं पळत होते. तरीही त्यांनी मला उडवलं. नडगीचं हाड मोडलं. त्यात सळई घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, चालाल तुम्ही व्यवस्थित, पण पळायचं मनातून काढून टाका.

गाडी चालवत होता तो अमर पिसाळ. वडील लहानपणीच वारलेले, त्यामुळं चुलते वसंतराव यांच्याकडं वाढलेला. वसंतरावांचं खताचं दुकान होतं आणि गाडीही त्यांच्याच नावावर होती. अपघाताच्या दिवशी दुपारीच वसंतराव दवाखान्यात हजर झाले. मग रोज येत राहिले. शहाळी आणायचे, सफरचंदं आणायचे, डॉक्टरांशी स्वतः बोलायचे. दवाखान्याचं बिलही त्यांनीच भरलं. माझे वडील, म्हणजे दादा, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. कुणी नुसती विचारपूस केली तरी उपकार झाल्यासारखं वाटणारा हा माणूस. ते तर वसंतरावांच्या पुढं वाकायचेच बाकी राहिले होते. हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा वसंतराव दादांना बाजूला घेऊन म्हणाले, कुठं पळून चाललोय का आपण, आधी पोरगी बरी होऊ द्या. दादांनी हवालदारांना नंतर या म्हणून सांगितलं. हवालदारांनाही काही घाई नव्हती. मला कुणी विचारलंच नाही, मी आत पाय टांगून पडले होते.

मला खेळ शिकवणारे बर्गे सर तेवढे वेगळं बोलले. ते घरी आले आणि त्यांनी दादांना शांतपणे समजावलं. रीतसर तक्रार द्या, साताऱ्याच्या कोर्टात भरपाईचा अर्ज करा. गाडीला विमा असतोच. भरपाई विमा कंपनी देते, पिसाळांच्या खिशाला हातही लागत नाही. पोरीची नोकरी गेली आहे, तिच्या हक्काचं तिला मिळू द्या, यात वैर कुठं येतं? वैर नाही म्हटल्यावर दादांना ते पटलं. त्यांनी वसंतरावांकडं विम्याचा कागद मागितला. वसंतराव म्हणाले, आहे की, शोधून ठेवतो. पुन्हा विचारलं तर म्हणाले, कारकून गावाला गेलाय, तो आला की देतो. तो कारकून गावाला जो गेला तो परतलाच नाही बहुतेक. कागद आला नाही. त्याऐवजी माझं प्लास्टर निघाल्यावर स्थळ आलं.

निरोप घेऊन आला माझा रंगामामा. आईचा हा धाकटा भाऊ म्हणजे मिटवामिटवीचा मोठा शौकीन. कुणाचं बांधावरून भांडण होऊ दे, कुणाची सून माहेरी जाऊन बसू दे, मामा दोन्हीकडचा चहा पिऊन मोकळा. तो येऊन ऐटीत बसला आणि म्हणाला, पिसाळ हेमाला सून करून घ्यायला तयार आहेत. देणंघेणं काही नको, लग्नाचा खर्चही त्यांचाच. फक्त ते पोलीस आणि कोर्टाचं डोक्यातून काढून टाका.

"पायात सळई घातलेली पोरगी," मामा म्हणाला, "कोण करणार हाय तिला? आं? त्यांनी मन मोठं केलं म्हणून. नायतर जन्मभर घरात बसवून ठेवायची वेळ आली असती, आक्का."

आई रडायला लागली, पण ते रडणं सुटकेचं होतं. तिनं उठून देवापुढं साखर ठेवली. मी कॉटवर बसून हे सगळं बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

"मामा," मी म्हटलं, "त्यांच्या गाडीखाली आपली म्हैस मेली असती, तर त्यांनी भरपाई म्हणून काय दिलं असतं?"

"म्हैस दिली असती. नायतर म्हशीची किंमत."

"मग माझा पाय मोडल्यावर नवरा कसा काय देतात?"

मामा आईकडं वळून म्हणाला, हिचं हे तोंड आवर, नाहीतर आलेलं स्थळही जाईल. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला, सांगू? पाय मोडल्यापासून घरात येणारं प्रत्येक माणूस एकच विचारत होतं, आता हिच्या लग्नाचं कसं. शेजारच्या बायका, आत्या, दूधवाला, सगळे तेच. लहानपणापासून मी पळत होते, ते पळणं गेलं होतं. त्याबद्दल एकानंही विचारलं नाही. जणू पाय होता तो बोहल्यावर चढण्यापुरताच.

मी नकारच देणार होते. पण दादा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, माणसं येऊन जाऊ देत, मग काय ते बोल, दारातून परतवायला नको. दादा कधी काही मागत नसत. त्यामुळं मी साडी नेसले आणि पोहे घेऊन बाहेर आले. माझी काठी आईनं आधीच स्वयंपाकघराच्या दारामागं नेऊन ठेवली होती.

तर काकू म्हणाल्या, चालून दाखव.

मी वसंतरावांकडं पाहिलं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. अमर बशीतले शेंगदाणे निवडत होता. मी दादांकडं पाहिलं. ते मान खाली घालून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होते. निदान आता तरी ते काही बोलतील असं मला वाटलं होतं. ते काही बोलले नाहीत.

"चाल की गं," मामा म्हणाला. "डॉक्टरनी तर हाड झकास जुळलंय म्हणून सांगितलंय."

मी उठले. दारापासून खिडकीपर्यंत चालले. एवढीशी खोली ती, पण काठीशिवाय आणि साडी नेसून ती मला संपता संपेना. पाय ओढला जात होता. तो लपवायचा मी प्रयत्न करत होते, आणि आपण तो लपवतोय हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचीच चीड आली. मोडला कुणी आणि लपवतंय कोण? खिडकीशी पोचले तेव्हा कपाळावर घाम आला होता.

"एवढं काही दिसत नाही हो," काकू समाधानानं म्हणाल्या. "लुगड्यात तर कळायचंही नाही."

"म्हणजे तसं नुकसान काही फार नाही," वसंतराव म्हणाले. "मी म्हणतच होतो."

त्यांनी हे दादांना उद्देशून म्हटलं, आणि दादांनी मान डोलावली. मामानं लगेच पुढची तयारी केली. म्हणाला, पोरांना जरा परसात बोलू द्या, आता जमाना बदललाय. जमाना बदलल्याची जाणीव मामाला अशी सोयीनं व्हायची.

स्वयंपाकघरातून जाताना मी दारामागची काठी उचलली. आई नको नको म्हणून खुणावत होती. परसात शेवग्याखाली धुण्याचा दगड होता, त्याच्यावर मी बसले. अमर उभाच राहिला. त्याची नजर काठीवरून हलत नव्हती. तोवर त्यानं ती पाहिली नव्हती बहुतेक. दवाखान्यातही तो एकदा आला तो दारातूनच परत गेला होता.

मी सरळ विचारलं, "त्या दिवशी मी दिसले नाही का तुम्हाला?"

"नाही. मागं वळून बोलत होतो पोरांशी. चूक माझीच होती."

एवढ्या महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. शहाळी आली, सफरचंदं आली, स्थळ आलं, पण चूक आमची होती असं पिसाळांच्या घरातून कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळं क्षणभर माझा राग थोडा निवळला. पण तो क्षणभरच, कारण पुढं अमर म्हणाला, "एक विनंती होती. तुम्ही नाही म्हणा."

"कशाला?"

"लग्नाला. मला नाही म्हणता येत नाही. काकांनी वाढवलंय मला. तुम्ही म्हटलं तर कुणी काही बोलणार नाही."

"तुम्हाला नकोय, मला नकोय, तर मग हे पोहे कशासाठी चाललेत?"

इकडं तिकडं बघत त्यानं सांगितलं. गाडीचा विमा नव्हता. होता तो संपला होता आणि पुन्हा भरायचा राहून गेला होता. वसंतराव साताऱ्याला वकिलाकडं जाऊन आले होते. वकिलानं सांगितलं की विमाच नाही म्हटल्यावर भरपाई गाडीच्या मालकाकडून घेतली जाईल, नाही दिली तर दुकानावर टाच येईल. त्यावर काकूंनी तोड काढली होती.

"काकू म्हणाल्या, पोरगीच आपल्यात आणली तर केस कोण करणार? सून काय सासऱ्यावर कोर्टात जाती का?"

मला आधी नीट उमगलंच नाही. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. रोजची शहाळी, न सापडणारा कागद, गावाला गेलेला कारकून. त्यांचं ते मोठं केलेलं मन, ज्याच्यासाठी माझ्या आईनं देवापुढं साखर ठेवली. विमा भरला नाही म्हणून हे लोक मला भरून घेत होते. आणि त्यातही घासाघीस चालली होती, माल फार खराब नाही ना झालेला, हे मला चालवून बघत होते.

"धडक तुम्ही दिलीत," मी अमरला म्हटलं. "पाय माझा गेला. आणि आता तुमच्या काकांना नाही म्हणायचं कामही मीच करायचं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मला तेव्हा त्याची दया आली नाही. आली नाही हे सांगायला मला आज संकोचही वाटत नाही.

मी काठी टेकत बाहेरच्या खोलीत आले. माझ्या मागून अमर आला आणि आपल्या जागी बसला. एवढ्यात काकूंनी पिशवीतून ताट काढून त्यात साडी आणि नारळ मांडून ठेवला होता. आजच सुपारी फोडून टाकायचा बेत होता त्यांचा. मामा तळहातावर तंबाखू मळत प्रसन्न बसला होता.

"काय ठरलं मग?" त्यानं विचारलं.

"मामा, त्यांचं बघून झालं," मी म्हटलं. "माझं अजून व्हायचंय." मग मी अमरकडं वळले. "अमरराव, त्या दारापासून या खिडकीपर्यंत जरा चालून दाखवा."

वसंतराव आधी हसले. त्यांना चेष्टा वाटली. काकूंच्या मात्र कपाळावर आठी पडली. आणि अमर उठला. कुणी सांगितलं की करायचं, ही त्याला लहानपणापासून लागलेली सवय असेल, किंवा आणखी काही असेल. तो दाराशी गेला आणि तिथून खिडकीपर्यंत चालत आला, सगळ्यांसमोर, मान खाली घालून. मी चालले होते अगदी तसाच. खिडकीशी पोचल्यावर बाहेर बघत उभा राहिला.

"पाय उत्तम आहेत मुलाचे," मी म्हटलं. "गाडीला विमा तेवढा नाही."

दादांनी मान वर केली.

"विमा नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं.

वसंतरावांनी अमरकडं पाहिलं. अमर खिडकीतून न वळता म्हणाला, "मीच सांगितलं त्यांना. संपलेला होता."

मला वाटलं आता वसंतराव खजील होतील. पण ते बैठक जरा सरसावून बसले आणि दुकानात गिऱ्हाईकाला समजावावं तसं दादांशी बोलू लागले. "आता तुमच्यापासून काय लपवायचं फाळके. राहिला भरायचा, माणूस आहे, विसरतो. पण सोयरीक झाल्यावर विमा लागतोय कुणाला? आपलीच पोरगी, आपलंच घर. कोण कुणाला भरपाई देणार?"

"बरोबर हाय की," मामा म्हणाला.

दादांनी मामाकडं बघितलंसुद्धा नाही. वसंतरावांकडंच बघत ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी तुमच्याकडं कागद मागितला होता. तुम्ही शोधतो म्हणालात."

"अहो, तेव्हा तुमची मनःस्थिती..."

"मी लोकांना सांगत फिरलो. पिसाळांसारखी माणसं मिळत नाहीत म्हणून सांगितलं. आणि आत्ता माझी पोरगी इथं चालत होती, तेव्हा मी खाली बघत बसलो."

ते उठले. साडी आणि नारळाचं ताट त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि काकूंच्या मांडीवर ठेवलं, नारळ घरंगळू नये म्हणून जपून. मग दाराशी जाऊन त्यांनी अर्धवट लोटलेलं दार सताड उघडलं.

"उद्या सकाळी मी जबाब द्यायला जाणार आहे," ते म्हणाले. "दार उघडं आहे पिसाळ. आता तुम्ही चालून दाखवा."

दादांना असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. बहुतेक त्यांनाही नसावं. पिसाळ मंडळी गेल्यावर ते मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते. मामा मात्र जाताना सांगून गेला की पोरीच्या नादी लागून मेव्हण्यानं सोन्यासारखं घर घालवलं, आता काय बी होवो, मला बोलवू नका. आम्ही बोलावलं नाही.

केस साताऱ्यात वर्षानुवर्षं चालली. इतके महिने तक्रार का केली नाही, हे समोरच्या वकिलानं दादांना दहा प्रकारे विचारलं. दादा दर वेळी म्हणायचे, माझी चूक झाली. अमरनं साक्षीत खरं ते सांगितलं, मागं वळून बोलत होतो म्हणून. त्यानंतर चुलत्यानं त्याला घराबाहेर काढलं असं कानावर आलं. तेवढं मात्र मी त्याच्या नावावर धरते.

आमच्या वकिलानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, अर्जात लिहू की अपंगत्वामुळं लग्नाची शक्यता मावळली, त्यानं भरपाई वाढते. मी म्हटलं, ते लिहू नका. लग्नाचं स्थळ आलं होतं, मीच नको म्हटलं. लिहायचं तर लिहा की मी खो-खो खेळत होते आणि आता पळता येत नाही. वकील हसले. म्हणाले, ताई, त्याचं असं वेगळं काही मिळत नसतं.

निकाल लागला तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमातून ठरलेलं नव्हे, एका शिबिरात ओळख झालेल्या माणसाशी. तो त्या दिवशी कोर्टात माझ्याशेजारी डबा मांडीवर घेऊन बसला होता. आणि वसंतराव पिसाळांनी कशाकशाची भरपाई द्यायची ते न्यायाधीश वाचून दाखवत होते. पुढचे औषधोपचार, वेदना, बुडालेली नोकरी. आणि शेवटी, अपघातसमयी अर्जदार अविवाहित तरुणी असल्यानं तिच्या विवाहाच्या शक्यतेवर झालेल्या विपरीत परिणामापोटी. माझा नवरा गोंधळून माझ्याकडं बघू लागला. आम्ही जिंकलो होतो, आणि मला संतापानं रडू येत होतं. कोर्टालासुद्धा शेवटी तेच दिसलं, जे रंगामामाला दिसलं होतं.

बाहेर पडून आम्ही स्टँडकडं निघालो. नवरा पुढं गाडीची चौकशी करायला गेला. दादा माझ्या चालीनं चालत होते. ते म्हणाले, "हेमा, पळण्याचं काय झालं मग? ते काही वाचलं नाही त्यांनी."

इतक्या वर्षांत हे विचारणारे ते पहिले.

आम्ही स्टँडवर पोचलो, तेवढ्यात फलटणची गाडी फलाटावरून हलली. एरवी कुणीही पळून पकडली असती. दादांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि हातातली पिशवी तिथंच खाली ठेवून ते थेट गाडीसमोर जाऊन उभे राहिले, हात वर करून. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कंडक्टर दारातून ओरडत होता, चौकशीच्या खिडकीकडून नवरा धावत येत होता. दादा हलले नाहीत.

मी पिशवी उचलली आणि सावकाश चालत गाडीपर्यंत गेले.